‘काऊन’ची संपादक

वंदना कुमरेला कशाची भीती वाटत नसे, असं कुणी विचारलं तर मला अजूनही चटकन सांगता येणार नाही. कशाची वाटे, ते सांगता येईल. कुत्र्यांची. अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची. लिफ्टची. प्राचार्यांच्या खोलीची तर होतीच, पण त्या खोलीबाहेरच्या बाकावर दुसरं कुणी बसलेलं दिसलं तरी ती वाट बदलायची. एकदा आमचे सर सावंगीला दवाखान्यात होते, म्हणून आम्ही चौघं भेटायला गेलो. आम्ही तिघं लिफ्टच्या रांगेत उभे राहिलो. ती जिन्यानं निघाली आणि पाचव्या मजल्यावर आमच्या आधी पोचली, घामानं निथळत.

“लिफ्ट काय खाते का तुला?” मी विचारलं.

“खात नसन. पण दार आपोआप बंद होते ना. आपल्याले विचारत नाई.”

ती माझ्या एक वर्ष पुढे होती, म्हणून मी तिला ताई म्हणायचो. वर्ध्यातल्या एका कॉलेजात, बी.ए.च्या तत्त्वज्ञान विभागात. विभाग म्हणजे एक खोली, एक सर, दोन लोखंडी कपाटं आणि तिन्ही वर्षांचे मिळून अकरा विद्यार्थी. त्यातल्या बहुतेकांना दुसरा विषय मिळाला नाही म्हणून हा मिळाला होता. मीही त्यातलाच. बोरगाव मेघेहून सायकलनं यायचं, दोन तास बसायचं, परत जायचं. वंदनाताईनं मात्र हा विषय मागून घेतला होता. तिचं गाव कारंज्याच्या पलीकडे, जंगलाला लागून. वडील वनमजूर. घरात आजी गोंडीत बोलायची, वडील दोन्हीत, आणि ही शाळेपासून मराठीत. वर्ध्यात ती मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची.

वर्गात ती दाराजवळच्या बाकावर बसे. सर शिकवत असताना मध्येच खोलीत कुठूनतरी एक बारीकसा आवाज आमच्या बोलीत ‘का?’ विचारायचा, “काऊन?” सर थांबून विचारायचे, “कोण म्हणालं?” मग तिचा हात अर्धा वर यायचा. असं तासाला चारपाच वेळा. एके दिवशी सर हसून म्हणाले, “कुमरे, तुझे हे काऊन हवेत विरून चालले. लिहून तरी काढ. बाकीच्यांनाही लिहायला लाव. एखादं नियतकालिक काढा तुम्ही पोरं.”

सर ते बोलून विसरले असते. वंदनाताई तीन दिवसांनी एक कागद घेऊन आली. कागदावर नियम होते. लिहिणारे फक्त पदवीचे विद्यार्थी, कॉलेजातल्या कुठल्याही शाखेचे. वाचून निवडणारेही विद्यार्थीच. छापण्याआधी सरांनी लेख बघायचा नाही. ग्रंथालयाबाहेर एक पेटी टांगायची. लेखकानं लेख आणि नावाची चिठ्ठी वेगवेगळी टाकायची. चिठ्ठ्या कार्यवाहाकडे राहतील, तो लेखांना फक्त नंबर देईल. संपादकाला नंबरच दिसेल. आणि शेवटचा नियम: ‘जो संपादक लेखकाचे नाव शोधून काढील, तो त्या दिवसापासून संपादक राहणार नाही.’

कार्यवाह मी झालो. बोरगावात टायपिंग करून देणारं दुकान होतं आणि माझ्याकडे सायकल होती, एवढीच माझी पात्रता.

“शेवटचा नियम जरा जास्तच नाही का?” मी म्हटलं.

“माह्यासाठीच हाय तो,” ती म्हणाली. “मले नाव माहीत झालं की मी भेते. मोठ्या घरचा असला तर त्याले नाई म्हनाले भेव. गरिबाचा असला तर त्याले नाई म्हनाले भेव. नावच नसलं तर लेख दिसन फक्त.”

पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ मंजुरीसाठी प्राचार्यांकडे न्यावं लागलं. अंकाचं नाव तिनं ठेवलं होतं ‘काऊन’. प्राचार्य आमच्याच भागातले, पण खुर्चीत बसले की पुस्तकातल्यासारखं बोलायचे.

“हे काय नाव आहे? महाविद्यालयाची काही प्रतिष्ठा असते. ‘जिज्ञासा’ ठेवा. ‘तत्त्वविचार’ ठेवा.”

तिनं हातातला कागद खाली घेतला. मला वाटलं, आता ही ‘हो सर’ म्हणेल आणि आपण सुटू. पण ती टेबलाची कड धरून बोलायला लागली. “सर, मराठी मले गावात भेटली. ते अशीच भेटली, काऊनवाली. ‘का’ म्हनलं की मले वाटते परीक्षेत विचारून राह्यले, उत्तर त्यांच्यापाशी हायेच. ‘काऊन’ म्हनलं की वाटते, विचारनाऱ्याले खरंच माहीत नाई.”

प्राचार्यांनी पेन उघडलं. मग, खाली बारीक टाइपात ‘पदवी विद्यार्थ्यांचे तत्त्वज्ञानविषयक नियतकालिक’ असं छापायच्या अटीवर त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर ती त्याच बाकावर बसली.

संपादन ती शिसपेन्सिलीनं करायची. समासात इतकी पुसट प्रश्नचिन्हं काढायची की कागद उजेडात धरावा लागे. कुठल्याही लेखात ती सगळ्यात आधी उदाहरण शोधायची. ‘युक्तिवाद मानूस कुठूनही आनते, पन उदाहरन घरूनच आनावं लागते,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. मीही एक लेख लिहून पेटीत टाकला होता आणि कार्यवाह म्हणून स्वतःच त्याला चार नंबर दिला होता. वस्तूचे सगळे भाग बदलले तर वस्तू तीच राहते का, असा काहीतरी विषय होता, आणि उदाहरण पाठ्यपुस्तकातलं, जहाजाचं. तिनं लेख माझ्याच हाती परत दिला.

“चार नंबरवाल्याले विचारजो, त्यानं जहाज पाह्यलं का कधी?”

“बहुतेक नसेल पाहिलं.”

“मग त्याच्या घरी काय हाय?”

“त्याच्या आजोबांची बैलबंडी असावी,” मी म्हटलं. “चाकं बदललीत, जू बदललंय, बसायचा साटा तर दोनदा बदलला.”

“मग बंडी लिहाले सांग त्याले. आन आजोबा तिले तीच बंडी म्हनतात का, ते विचाराले सांग.”

लेखक मीच आहे हे तिला कळलं होतं की नव्हतं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी आजोबांना विचारलं. आजोबांनी दिलेलं उत्तर लेखात गेलं, आणि त्या अंकात लोकांनी वाचलं असेल तर तेवढंच.

दोन अंक निघाले. बत्तीस पानं, झेरॉक्स काढून पिना मारलेले. पुढं जे घडलं ते तिसऱ्या अंकाच्या वेळी, जानेवारीत.

शुक्रवारी मी पेटी उघडली. निळ्या शाईत, सुरेख अक्षरात लिहिलेला एक लेख होता. सोबत नावाची चिठ्ठी नव्हती. नियमानं तो बाजूला ठेवायला हवा होता. पण मी उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि मला तो इतका आवडला की मी त्याला सात नंबर दिला. लेखाचं नाव ‘उतरणाऱ्याचा हक्क’. आमच्यातल्या एका वाचकानं त्याच दिवशी शेरा लिहिला, ‘युक्तिवाद सलग. उदाहरण नेमके. छापावा.’ शनिवार, रविवार लेख माझ्या दप्तरात होता. सोमवारी दुपारी मी तो वंदनाताईला दिला.

ती विभागाच्या खोलीत खिडकीशी बसून वाचत होती. दुसऱ्या पानावर तिची पेन्सिल थांबली. मग तिनं ती टेबलावर ठेवली. कुठलाही लेख वाचताना तिनं पेन्सिल खाली ठेवलेली मी पाहिली नव्हती.

“हे कधी आलं?”

“शुक्रवारी.”

“आज सोमवार हाय, प्रफुल्ल.”

“छान आहे ना?”

“हा लेख नाई,” ती म्हणाली. “कोनीतरी निरोप लिहिला हाय.”

मी हसलो. हसलो हे मला लिहायलाच हवं. वर म्हणालो, “ताई, तू कशालाही घाबरतेस.”

ती चिडली नाही. “हो, भेते,” म्हणाली आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं. “वाच. मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. “समजा, एक बस आहे. पुलाच्या अलीकडे रस्ता खराब असल्याने ती तिथे रोज हळू होते. चाकावरच्या सीटवर बसलेल्या एका प्रवाशाला आपल्या थांब्याआधीच उतरायचे आहे. तो उतरल्याने बाकीच्यांचा प्रवास थांबत नाही. कोणाचे काही जात नाही. उलट एक जागा रिकामी होते. मग त्याने कोणाला कारण का द्यावे?”

दप्तरात तीन दिवस मी हेच घेऊन फिरत होतो. मोठ्यानं वाचेपर्यंत मला ऐकू आलं नव्हतं.

सर त्या दिवशी पेपर तपासायला नागपूरला होते, फोन उचलत नव्हते. ऑफिसात जाऊन सांगावं तर कुणाबद्दल सांगणार? नाव नाही, वर्ग नाही, मुलगा की मुलगी तेही माहीत नाही. हजारभर मुलं कॉलेजात. वंदनाताई लेखावर वाकली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती वाचत होती संपादकासारखीच.

“बस रोजची हाय. पूल पवनारचा असन, इकडच्या रस्त्यावर दुसरा कोनता? आन चाकावरची सीट. कोनी मनानं बनवून लिहिलं असतं तर खिडकीची सीट लिहिली असती. चाकावर बसनारालेच हे सुचते.” ती उठली. “नियम मोडते मी आता. तू साक्षी हाय.”

बसस्थानकावर आम्ही धावतच गेलो. पवनारकडे जाणाऱ्या बसचा कंडक्टर गाडीला टेकून चहा पीत होता. वंदनाताई त्याच्यासमोर उभी राहिली.

“काका, तुमच्या गाडीत चाकावरच्या सीटवर रोज कोनी बसते का?”

“काऊन? काय झालं?”

मीच म्हटलं, “कॉलेजचं काम आहे.”

“ते सीट तर कोनी घेत नाई. गुडघे पोटात येतात,” कंडक्टर म्हणाला. “एक पोरगी बसते फक्त. चष्मेवाली. गाडी खाली असली तरी तिथंच. पवनारच्या गिरणीवाल्या बाईची पोरगी हाय.”

“आज आलती का?”

तो आठवू लागला. “आज नाई. शनवारी बी नाई दिसली.”

तिचं नाव मला आता माहीत आहे. इथं ते लिहिणार नाही. नियम एकदाच मोडला गेला, तेवढं पुरे.

वर्धा ते पवनार बस वीस मिनिटांत जाते. त्या दिवशी किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही. वंदनाताई पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी म्हणत होतो, काही नसेल, आपण उगाच आलो असू, उद्या सगळे हसतील. ती म्हणाली, “हसू दे. देवा, सगळ्यायले हसू दे मले.” पुलाच्या अलीकडे रस्ता उखडला होता. गाडी हळू झाली. लेखात लिहिलं होतं तशीच. आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

गिरणी लगेच सापडली. आई पट्ट्याच्या आवाजात उभी होती, भुवयांवर पीठ.

“आम्ही कॉलेजातून आलो,” वंदनाताई ओरडून म्हणाली. “वही द्याची होती.”

“ती नदीवर गेली. गोधडी धुवाले.”

“कधी गेली?”

“काय?”

“कधी गेली?”

“दुपारीच गेली की. येईनच आता. बसा तुम्ही.”

आम्ही बसलो नाही. उताराची वाट होती. साडेचार वाजले असतील. नदीला पाणी कमी होतं, खडक उघडे पडले होते. धुणं धुणाऱ्या बाया घरी गेल्या होत्या. आधी बादली दिसली. बादलीत गोधडी होती, कोरडी. माणूस नव्हतं.

वंदनाताईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतलेली मला नंतर, घरी गेल्यावर दिसली. आम्ही दोघांनी हाक मारली नाही, कारण काय म्हणून मारणार? नाव विचारायचंही आम्ही विसरलो होतो. खडकाला वळसा घालून पुढं गेलो तर पलीकडच्या अंगाला ती बसलेली होती. पाण्याकडे तोंड करून, चष्मा हातात घेऊन.

वंदनाताई मटकन खाली बसली, तिच्यापासून चार हातांवर. मी मागंच थांबलो. मग वंदनाताईनं पिशवीतून लेख काढला.

“हा तुहा हाय का?”

मुलीनं चष्मा लावला. “त्यावर नाव नव्हतं.”

“नाई.”

“मग कसं कळलं?”

“चाकावरची सीट.”

मुलगी पुन्हा पाण्याकडे बघायला लागली.

“मी सरळ विचारून राह्यली,” वंदनाताई म्हणाली. “तू जीव द्याचं ठरवून राह्यली का? मले भेव लागलं म्हनून आली मी.”

मला वाटलं, असं उघड कसं विचारते ही. पण मुलगी दचकली नाही. उलट इतका वेळ आवळलेले तिचे खांदे खाली आले. ‘हो’ असं ती म्हणाली नाही. तिनं विचारलं, “युक्तिवादात चूक आहे का?”

मी मागून वंदनाताईला खुणावत होतो, हो म्हण, आहे म्हण, काहीतरी म्हण.

“अजून सापडली नाई,” वंदनाताई म्हणाली.

“मग?”

“मग काई नाई. तू पुढच्या मंगळवारपासून दर मंगळवारी मले भेटाले कॉलेजले येजो. मी शोधतच राहीन. सापडली तर सांगीन, नाई सापडली तर तेही सांगीन. पन येजो.” ती थांबली. “आन आता तुह्या आईले सांगनार हाय मी. तुले राग आला तरी.”

आता ती मुलगी खरंच रागावली. “तुमचा नियम आहे ना? नाव कुणाला कळणार नाही असा? म्हणून टाकला मी तो लेख.”

“होता नियम. मोडला मी.”

गिरणीवर परत आलो तेव्हा आईनं आमच्याकडे पाहिलं आणि न विचारता बटण दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला. इतकी शांतता झाली की रस्त्यावरची माणसं ऐकू यायला लागली. वंदनाताईनं आईला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. मुलगी दळणाच्या डब्यांमागे उभी होती. आई ऐकत होती आणि तिचा पिठानं माखलेला हात मुलीच्या पाठीवरून एकसारखा फिरत होता. दुसऱ्या दिवशी आई तिला मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. उपचार सुरू झाले, ते बरेच महिने चालले.

त्याच आठवड्यात वंदनाताईनं पेटीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. सर परत आले होते. ते म्हणाले, “कुमरे, वेडी आहेस का? नियमाला अपवाद असतो.”

“असतो, सर. पन माह्यासाठीचा अपवाद मीच ठरवला तर पुढच्या पोरायनं भरवसा कसा ठेवाचा?”

अशा रीतीनं ‘काऊन’ची संपादक तिसऱ्या अंकाआधीच पायउतार झाली. तो अंक मी काढला. त्यात चुका फार होत्या.

मंगळवार मात्र चालू राहिले. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात दोघी बसायच्या, मध्ये तो लेख. मुलगी येईपर्यंत वंदनाताई खांबाला धरून फाटकाकडे बघत उभी असायची. दहा मिनिटं उशीर झाला की तिचा चेहरा बघवत नसे. मुलगी आली की ती लगेच खाली मान घालून पानं चाळायला लागायची, जणू आत्ताच बसलीय. एकदा ती मला म्हणाली, “तिच्या लेखाले माह्यापाशी उत्तर नाई रे. पुस्तकं पाह्यली, सरले विचारलं. मले रोज वाटते, एखाद दिवशी ती म्हनन, मग काऊन थांबू? आन मी गप राहीन.”

एप्रिलातल्या एका मंगळवारी ती आली नाही. अकराची वेळ होती. साडेअकरा झाले, बारा झाले. फोन बंद. गिरणीवरचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. वंदनाताई व्हरांड्यातून हलेना. एक वाजता ती नळापाशी गेली आणि तिला उलटी झाली. मी रिक्षा बघायला फाटकाशी गेलो, तर ती मुलगी उन्हातून चालत येत होती, ओढणी डोक्यावर घेतलेली.

“बस बंद पडली वाटेत,” ती म्हणाली. “फोनला चार्जिंग नव्हतं.”

आणि मग तिला नळ दिसला. नळाशी वाकलेली वंदनाताई दिसली. ताईच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, नुसती हातानं ‘बरं, बरं’ अशी खूण करत होती. मुलगी जागच्या जागी उभी राहिली. मी तिचा चेहरा पाहत होतो. मग ती पुढं गेली, नळाखाली ओंजळ धरली आणि वंदनाताईच्या तोंडावर पाणी मारलं.

पुढच्या मंगळवारी अकराला पाच कमी असताना वंदनाताईच्या फोनवर निरोप आला. बस दहा मिनिटं लेट. त्यानंतर मुलगी दर वेळी कळवायची. त्या दिवशी तिनं लेख आणला, तेव्हा दुसऱ्या पानावरचं एक वाक्य तिनं स्वतःच्या निळ्या पेननं खोडलं होतं: ‘तो उतरल्याने बाकीच्यांचा प्रवास थांबत नाही.’ बाकीचा लेख तसाच होता. वंदनाताईनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि परत दिला.

“आता छापता येईल का?” मुलीनं विचारलं.

“मी संपादक नाई. याले विचार,” ताईनं माझ्याकडे बोट केलं.

मी काही म्हणायच्या आत मुलगी म्हणाली, “राहू द्या,” आणि लेख पिशवीत घालून घेऊन गेली.

तिच्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही. ती आहे.

मी शिकून सरकारी कार्यालयात कारकून झालो. वंदनाताईशी बोलणं कमी होत गेलं. फोनवर बोलायला ती कधीच धजत नसे. गेल्या हिवाळ्यात कार्यालयाच्या कामानं साहेबांबरोबर डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत गेलो, तर मुलींची अधीक्षिका म्हणून तीच समोर आली. कपाळावरचे केस पांढरे व्हायला लागलेले. साहेब समोर असल्यामुळे ती मला ‘अहो’ म्हणाली. चहा दिला, माझ्या आजोबांची चौकशी केली. आजोबा गेले म्हटल्यावर म्हणाली, “आन बंडी?” मी सांगितलं, काकांकडे आहे. एवढंच बोलणं झालं.

निघताना संध्याकाळ झाली होती. जेवणाआधी मुली अंगणात रांगेत उभ्या होत्या आणि ती रांगेच्या कडेनं चालत एकेकीच्या डोक्याला हात लावून मोजत होती. आमची जीप सुरू झाली होती. ती रांगेच्या शेवटाला पोचली आणि थांबली. एक कमी होती. तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग शाळेमागच्या झाडीकडे. तो चेहरा मी ओळखत होतो. मी उतरणार, तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून सातआठ वर्षांची एक मुलगी वेणीची फीत दातांत धरून धावत आली आणि गुपचूप रांगेत घुसली.

वंदनाताई पायरीवर बसली. त्या मुलीला ओरडली नाही. पदरानं तोंड पुसलं, मग उठली आणि पुन्हा पहिल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून एकपासून मोजायला लागली. जीप फाटकाबाहेर वळेपर्यंत तिचा आवाज येत होता. एकोणीसपर्यंत मी ऐकला.